समोर ठेवलेला वजीर

मधुकर पांढरीपांडे कुठल्याही दारातून पहिला आत गेल्याचं मला आठवत नाही. आमच्या कारखान्याच्या कँटीनचं दार चांगलं रुंद होतं, दोन माणसं शेजारी शेजारी आरामात शिरतील एवढं. तरीही तो बाजूला सरायचा, हात पुढे करायचा आणि म्हणायचा, "चल ना, तू चल." आत गेल्यावर मी पोहे सांगितले की तोही पोहे सांगायचा. मी वर जिलेबी घेतली की तोही घ्यायचा. एकदा मी मुद्दाम नुसतं पाणी मागवलं. त्यानंही पाणीच मागवलं आणि आम्ही दोघेही उपाशी कामावर परतलो. संध्याकाळपर्यंत माझं डोकं दुखत होतं. त्याचं दुखत होतं की नाही ते कळलं नाही, कारण मी माझं सांगितलं नव्हतं.

हे सगळं भोपाळचं, साधारण एकोणऐंशी सालच्या आसपासचं. कारखाना सरकारी, टाउनशिप सरकारी, पाणी येण्याच्या वेळाही सरकारी. बरखेड्यात आमची क्वार्टरं लागून होती. मधुकर तपासणी विभागात होता आणि मी, अरविंद घाटे, स्टोअर्समध्ये. मी स्कूटर घेतली तशी काही महिन्यांनी त्यानं घेतली, रंगही तोच. माझ्या बायकोनं हिरवे पडदे शिवले, त्याच्याकडे हिरवे पडदे आले. मी मागच्या अंगणात जामाचं झाड लावलं, म्हणजे पुण्याचे लोक ज्याला पेरू म्हणतात ते, आणि पुढच्या आठवड्यात भिंतीपलीकडे खड्डा खणल्याचा आवाज आला. मला याचा मनस्वी राग यायचा. एकदा मी त्याला म्हणालो, "मधुकर, लेका, आयुष्यात एक तरी गोष्ट स्वतःच्या मनानं कर की!"

"तू केलं ते चांगलंच असंल ना," तो म्हणाला. "वाईट असतं तर तू काहून केलं असतं?"

मी स्कूटरला किक मारली, आणि त्यानंही मारली.

दोष त्याचा एकट्याचा नव्हता. त्याचे वडील नागपूरला सचिवालयात कारकून होते. छप्पन साली राजधानी भोपाळला गेली तेव्हा फायली रेल्वेनं इकडे आल्या आणि फायलींच्या मागोमाग कारकून आले. वडलांनी उभ्या नोकरीत एकच विद्या कमावली होती. कुठलाही कागद समोर आला की आधी विचारायचं, "मागे काय केलं होतं?" आणि मागे जे केलं होतं तेच पुन्हा करायचं. या विद्येमुळे त्यांना कधी कोणी रागावलं नाही आणि कधी कोणी ओळखलंही नाही. घरातही तोच कारभार होता. मुलगा झाला तेव्हा नाव काय ठेवायचं असा प्रश्न आला. शेजारच्या घरी नुकताच एक मधुकर झाला होता, त्यामुळे तो प्रश्न लगेच सुटला.

तर अशा माणसाला बुद्धिबळाचं वेड लागलं.

टाउनशिपच्या क्लबात दर हिवाळ्यात बुद्धिबळाची स्पर्धा व्हायची. मी तिचा सचिव होतो, म्हणजे कपाटाची किल्ली माझ्याकडे असायची आणि हरवलेल्या प्याद्यांबद्दल लोक मला जाब विचारायचे. सामन्यांना पंचही मीच, कारण रविवारी सकाळी दुसरं कोणी उठायचं नाही. सुरुवातीच्या काळात जे इंग्रज इंजिनियर कारखाना उभारायला आले होते, ते जाताना दोन्ही खेळाडूंची वेळ वेगवेगळी मोजणारं एक दुतोंडी घड्याळ मागे ठेवून गेले होते. त्याची एक बाजू जरा पळायची. ती बाजू कोणाला द्यायची हे मी ठरवायचो, आणि क्लबात माझा जो काही मान होता तो तेवढ्यापुरताच होता.

मधुकरकडे काळी मोहरी आली की त्याचा खेळ सोपा असायचा. समोरच्यानं जे केलं ते करायचं. त्यानं घोडा काढला की घोडा काढायचा, उंट काढला की उंट, त्यानं किल्लेकोट केला की आपणही राजा कोपऱ्यात नेऊन ठेवायचा. पटाच्या मधोमध आरसा उभा केल्यासारखं दिसायचं. बघायला आलेले लोक आधी हसायचे, मग कंटाळायचे. समोरचा खेळाडू मात्र हळूहळू तापायला लागायचा. आपली प्रत्येक चाल, विचार करून, कपाळाला आठ्या घालून केलेली, समोरचा माणूस तशीच्या तशी परत करतोय हे सहन होत नाही. मी स्वतः त्याच्याशी खेळलो आहे म्हणून सांगतो. शेवटी आपण चिडून काहीतरी भलतंच करून बसतो. तेवढी एकच चाल मधुकर उचलायचा नाही. ती सोडून तो समोरच्याचं प्यादं, नाहीतर घोडा, शांतपणे मारून घ्यायचा आणि जिंकायचा. लोक त्याच्याविरुद्ध बुद्धिबळात हरायचे नाहीत, संतापात हरायचे.

पण त्याला कप कधी मिळाला नाही. उपांत्य फेरीत कोणीतरी न चिडणारा माणूस भेटायचाच. दरवर्षी बक्षीस समारंभाला तो मागच्या रांगेत बसून टाळ्या वाजवायचा, आणि घरी जाताना मला विचारायचा, "कपाला आतून कलई आहे का रे?" मी म्हणायचो, "मला काय माहीत, मला कुठे मिळालाय?" तो मान हलवायचा. कप त्याला हवा होता, फार हवा होता. एवढी एकच गोष्ट तो कोणाचं बघून मागत नव्हता, आणि ती त्याच्यासारख्याच मागे राहिलेल्या मला एकट्यालाच ठाऊक होती.

त्या वर्षी त्याची मुलगी अलका लग्नाची झाली. झाली म्हणजे तिनं स्वतःचं स्वतः ठरवून टाकलं होतं. ती कारखान्याच्या ड्रॉइंग ऑफिसात ट्रेसर, म्हणजे नकाशे गिरवणारी, होती. सरळ रेघ मारणारी मुलगी, बोलणंही तसंच. त्याच ऑफिसात विश्वास सुपनेकर नावाचा ज्युनियर इंजिनियर होता. दोघांचं जमलं. मग रीतसर पत्रिका काढल्या, आणि त्या जुळल्या, कारण ज्या गुरुजींकडे त्या जाणार होत्या त्यांना विश्वास आधीच भेटून आला होता. दोन्ही घरं मराठी, पोटजात एक, मुलगा नोकरीत. कोणाला नाही म्हणायला जागाच नव्हती.

मुलाचे वडील प्रभाकर सुपनेकर हे मात्र मोठं प्रकरण होतं. आमच्याच कारखान्यात सीनियर इंजिनियर. पुण्याहून बदलून आलेले, आणि इतक्या वर्षांनंतरही बदलून आल्यासारखेच राहणारे. भोपाळची हिंदी त्यांनी जिभेला लावून घेतली नव्हती. दूधवाल्याशीही ते व्याकरणशुद्ध मराठीत बोलत आणि दूधवाला त्यांना घाबरून पाणी कमी घालत असे. अरेरा कॉलनीत त्यांनी प्लॉट घेतला होता. कुठलंही बोलणं फिरून त्या प्लॉटवर यायचं. माणूस तसा सज्जन, पण आपण सज्जन आहोत हे त्यांना जरा जास्तच माहीत होतं. बुद्धिबळ ते पुस्तकं वाचून खेळायचे. क्लबचा कप दोनदा त्यांच्या कपाटात जाऊन आला होता.

आणि त्या हिवाळ्यात, सोयरीक जवळपास ठरलेली असताना, मधुकरचा उपांत्य फेरीतला माणूसही चिडला आणि अंतिम सामना आला तो सुपनेकर विरुद्ध पांढरीपांडे असा. स्पर्धेच्या सुरुवातीला मी चिठ्ठ्या टाकल्या होत्या, सगळ्यांसमोर, टोपीत. पुढे लोकांनी माझ्याकडे फार संशयानं पाहिलं.

सामना रविवारी होता. त्याच्या पुढच्या रविवारी लग्नाची बैठक होती. आता बैठक म्हणजे काय ते ज्यांच्या घरात मुली आहेत त्यांना सांगायला नको. सुपनेकरांनी हुंडा नको म्हणून आधीच सांगितलं होतं, आणि ते खरंच घेणारे नव्हते. पण मानपान म्हणून एक वेगळी गोष्ट असते. कोणाचे पाय धुवायचे, कोणाला शाल, कोणाची पंगत आधी, स्टेशनवर कोणी न्यायला यायचं. हे सगळं ठरवायला सुपनेकरांच्या मोठ्या वहिनी खास पुण्याहून येणार होत्या. त्या चार लग्नांत मानपान बघून आल्या होत्या आणि चारही ठिकाणी मुलीकडचे अजून त्यांचं नाव काढतात, असं आमच्या कानावर होतं.

मधुकरला त्या बैठकीची धास्ती होती, आणि तिचं कारण मला माहीत होतं. फार पूर्वी, नागपूरला, त्याच्या बहिणीचं, कमलिनीचं, लग्न झालं होतं. मधुकर तेव्हा कॉलेजात होता, पंगतीत वाढत होता. मुलाकडची पंगत बसली. नवऱ्या मुलाच्या आत्याबाईंच्या ताटाभोवती रांगोळी घालायची राहून गेली. बाकी सगळ्यांच्या ताटांभोवती होती, त्यांच्याच नव्हती. आत्याबाई उठल्या. त्या उठल्या म्हणून त्यांच्या घरचे उठले आणि मग सगळी पंगत वाढलेली ताटं सोडून उठली. मधुकरच्या वडलांनी मागे काय केलं होतं ते कोणाला विचारलं देव जाणे, पण त्यांनी डोक्यावरची टोपी काढली आणि आत्याबाईंच्या पायाशी ठेवली. मग एकेकाला हात जोडत मांडवभर फिरले, पोरासोरांनासुद्धा. पंगत पुन्हा बसली, अन्न गार झालं होतं. कमलिनी हे सगळं बोहल्यावरून बघत होती. सासरी तिला पुढे कुठल्याही भांडणात ऐकावं लागलं की तुझ्या बापाची टोपी आम्ही पायाशी पाहिली आहे. मधुकरनं मला हे एकदाच सांगितलं, कँटीनमध्ये, आणि त्या दिवशी त्यानं जिलेबी घेतली नाही. मी घेतली होती.

शनिवारी दुपारी मी त्यांच्याकडे चहाला होतो. मधुकरची बायको, वैजयंती वहिनी, कपबशा मांडत होत्या आणि मधुकरला समजावत होत्या.

"उद्या जिंकायचं नाही, सांगून ठेवते. मुलाचे वडील आहेत ते."

"आई, बुद्धिबळ आहे ते," अलका म्हणाली.

"असू दे. मुलाचे वडील पटावर बसले म्हणून काही मुलीचे वडील होत नाहीत. भाऊजी, तुम्ही सांगा की यांना."

मी पंच असल्यामुळे मला मत नाही, असं सांगून मी बिस्कीट उचललं. मधुकरनं पण उचललं.

"बाबा, तुम्ही नीट खेळा," अलका म्हणाली. "कप आणा. मी बघते पुढचं."

"तू काय बघणार? तिकडे वहिनी येऊन राहिल्या पुण्याहून!" वैजयंती वहिनींचा आवाज चढला. "आपण कप आणायचा आणि त्यांनी बैठकीत त्याचं उट्टं काढायचं. शालींच्या जागी शालू मागतील, पाय धुवायला चांदीचं ताम्हन मागतील, अन् तू म्हणशील मी बघते!"

मधुकर चहा ढवळत बसला होता. साखर केव्हाच विरघळली होती. मी विचारलं, "काय करणार आहेस?"

"ते काय खेळतात ते पाहू आधी," तो म्हणाला.

त्याच संध्याकाळी सुपनेकरांनी मला क्लबच्या लॉनवर गाठलं. फेऱ्या मारता मारता आधी प्लॉट झाला, मग कुंपण झालं, मग ते एकदम थांबले.

"घाटे, तुमचे हे पांढरीपांडे. सज्जन आहेत, मान्य. पण त्यांना स्वतःचं असं काही आहे का?"

"म्हणजे?"

"म्हणजे कणा. मी त्यांच्याकडे मुलगी बघायला गेलो. मी सरबत नको म्हणालो, ते म्हणाले मलाही नको. मी दिल्लीच्या सरकारला नावं ठेवली, त्यांनी ठेवली. मग मी मुद्दाम त्याच सरकारचं कौतुक केलं, तर त्यांनीही केलं! मुलगी उत्तम आहे. पण ज्या घराशी आयुष्यभराचा संबंध जोडायचा, त्या घराच्या कर्त्याला एकदा तरी स्वतःच्या मतानं काही करताना बघावं, असं मला वाटतं. आता ऐका. उद्या मी तिसऱ्या चालीला माझा वजीर त्यांच्या पुढ्यात ठेवणार आहे. फुकट. तीन मोहऱ्यांपैकी कशानंही मारता येईल. त्यांनी मारला, तर खुशाल कप घेऊन जावा. मला दोनदा मिळालाय."

"आणि नाही मारला तर?"

"नाही मारला आणि माझी नक्कल केली, तर चौथ्या चालीला मात. आणि मग मला या सोयरिकीचा पुन्हा विचार करावा लागेल. हे तुम्ही कोणाला सांगायचं नाही. पंच आहात तुम्ही."

मी पंच होतो. या पंचगिरीचा मला आयुष्यात काडीचा उपयोग झाला नाही, पण त्या दिवशी तिचा त्रास मात्र भरपूर झाला. इकडे मधुकरची बायको त्याला सांगते हर, नाहीतर लग्न बिघडेल. तिकडे व्याही ठरवून बसलाय की हरलास तर लग्न बिघडेल. आणि ज्याला सांगायला हवं त्याला सांगायची मला बंदी. घरी गेल्यावर मी जेवलो नाही. बायकोनं विचारलं तर सांगितलं पोट बिघडलंय, आणि तिनं मला ओवा खायला लावला.

रविवारी सकाळी क्लबात एरवी अंतिम सामन्याला चार माणसं यायची, त्यातली दोन वर्तमानपत्र वाचायला. त्या दिवशी खुर्च्या कमी पडल्या. सोयरिकीची बातमी टाउनशिपभर झाली होती. बायका आल्या होत्या. पलीकडच्या सोनागिरीहून दोन दुकानदारही आले होते, त्यांना बुद्धिबळ येत नव्हतं. माझ्या विभागातले रफीक मियाँ दारातूनच ओरडले, "अमां घाटे साब, ये फाइनल हो रिया है कि सगाई?" वैजयंती वहिनी भिंतीला लागून असलेल्या बाकावर बसल्या. अलका आणि विश्वास खिडकीशी उभे राहिले, मध्ये एक माणूस मावेल एवढं अंतर ठेवून.

पांढरी मोहरी सुपनेकरांना आली. घड्याळाची पळणारी बाजूही मी त्यांनाच दिली. तेवढं मी करू शकत होतो.

सुपनेकरांनी वजिराकडच्या बाजूचं, उंटापुढचं प्यादं दोन घरं पुढे टाकलं. बहुतेक लोक राजापुढच्या नाहीतर वजिरापुढच्या प्याद्यानं सुरुवात करतात. हे कडेकडेनं जायचं त्यांनी पुस्तकातून घेतलं होतं आणि त्याला ते इंग्लिश ओपनिंग म्हणायचे. मधुकरनं त्याच्याकडचं तेच प्यादं दोन घरं पुढे टाकलं. लोकांत खसखस पिकली.

सुपनेकरांनी मोकळ्या झालेल्या तिरक्या रस्त्यानं वजीर काढला आणि पटाच्या कडेला नेऊन ठेवला. मधुकरनं आपला वजीर काढला आणि कडेला नेऊन ठेवला. आता दोन्ही वजीर एकाच कडेला, एकमेकांच्या तोंडासमोर होते. सुपनेकरांना तो तिथेच फुकट मारता आला असता, पण त्यांना मधुकरची परीक्षा घ्यायची होती.

मग सुपनेकरांनी वजीर उचलला, थेट मधुकरच्या मुलखात नेला आणि ठेवला. एका बाजूला मधुकरचं प्यादं, दुसऱ्या बाजूला प्यादं, मागे घोडा. तिघांच्याही तोंडात वजीर. मागे कोणाचा आधार नाही. सुपनेकरांनी घड्याळाचं बटण दाबलं आणि हाताची घडी घातली.

ज्यांना बुद्धिबळ येत होतं त्यांनी खुर्च्या पुढे ओढल्या. ज्यांना येत नव्हतं त्यांनी शेजाऱ्याला विचारलं, आणि शेजाऱ्यानं बोटानं गप्प केलं. सोनागिरीच्या दुकानदारांनाही काहीतरी फुकट मिळतंय एवढं कळलं.

मधुकर पटाकडे बघत राहिला. मी त्याला इतकी वर्षं ओळखत होतो, पण तो विचार करताना कसा दिसतो हे मला माहीत नव्हतं, कारण त्याच्या खेळात विचार करायची वेळच यायची नाही. त्याचे ओठ हलत होते. त्याचा हात घोड्याकडे गेला. मार, मी मनात म्हणालो, मार लेका, कलई बघायची आहे ना तुला! हात घोड्यावर आला, बोटं टेकणार एवढ्यात थांबला. त्यानं खिडकीकडे पाहिलं. अलका त्याच्याकडेच बघत होती, आणि तिनं अगदी स्पष्ट मान हलवून सांगितलं, घ्या. मग त्यानं बाकाकडे पाहिलं. वैजयंती वहिनींनी डोळे मिटून घेतले होते.

हात मागे आला. त्यानं चष्मा काढला, सदऱ्याला पुसला, परत लावला. आपला वजीर उचलला आणि सुपनेकरांच्या मुलखात, त्यांच्या दोन प्याद्यांच्या आणि घोड्याच्या तोंडात, बरोब्बर तसाच नेऊन ठेवला.

कोणीतरी मोठ्यानं हसलं. मग बरेच लोक हसले. हसण्यासारखंच होतं. अंतिम सामन्यात दोन शहाणी माणसं एकमेकांना वजीर दान करत बसली होती. मला मात्र रडू यायचं बाकी होतं. अलका खिडकीबाहेर बघायला लागली होती.

सुपनेकर लाल झाले. त्यांच्यासमोर चौथी चाल तयार होती. वजिरानं उंट मारायचा, राजाला शह, राजाला सरकायला घर नाही, कोपऱ्यातला हत्ती स्वतःच्याच घोड्यामागे अडकलेला. मात. पण त्यांनी हात पुढे केला नाही. ते मधुकरकडे बघत होते आणि त्यांच्या चेहऱ्यावर राग नव्हता. त्यांना किळस आली होती, आणि सज्जन असल्यामुळे ती लपवता येईना.

"पांढरीपांडे," ते हळू आवाजात म्हणाले, "बरोबरी घ्या. कप दोघांत राहू दे. अशा माणसावर मात करायची मला लाज वाटते."

"नाही," मधुकर म्हणाला.

हा शब्द मी त्याच्या तोंडून कधी ऐकला नव्हता. बाकावर वैजयंती वहिनींनी डोळे उघडले.

"अहो, मी स्वतःहून बरोबरी देतोय."

"समजलं साहेब. मला नको. चाल तुमची आहे, खेळा."

"पण तुम्हाला दिसतंय ना, पुढे काय आहे ते?"

"दिसून राहिलं. खेळा तुम्ही."

सुपनेकरांनी वजिरानं उंट मारला आणि जवळजवळ पुटपुटत "शह आणि मात" म्हणाले. मी घड्याळ थांबवलं. क्लबच्या इतिहासात इतका लहान अंतिम सामना झाला नव्हता. लोक उठायला लागले, खुर्च्या सरकल्या. मधुकर उठला नाही.

"बसा, सगळे जरा बसा," तो म्हणाला. आवाज मोठा नव्हता, पण तो कोणाला बसायला सांगतोय याचंच लोकांना इतकं नवल वाटलं की सगळे बसले.

"साहेब, तुमचा वजीर मला दिसला होता. घोड्यानं मारता येत होता, या प्याद्यानं येत होता, त्याही प्याद्यानं येत होता. हा कप मला किती वर्षांपासून पाहिजे ते या घाट्याला विचारा." त्यानं न खेळलेला घोडा पटावरून उचलून बाजूला ठेवला. "मुलीच्या बापाला मुलाच्या बापापुढं एकदा हरावंच लागतं. आमच्यात तशी रीत आहे, तुमच्यातही आहे. माझे वडील हरले ते मांडवात हरले, माझ्या बहिणीच्या डोळ्यांदेखत. त्यांनी टोपी काढून ठेवली, आणि माझी बहीण ती टोपी आजपर्यंत ऐकून राहिली. मी ठरवलं होतं, मला हरायचंच असंल तर मी जागा निवडीन. तर मी आज हरलो. सगळ्या टाउनशिपसमोर, चार चालींत, लोक हसले तसा हरलो. याहून जास्त हरता येत नाही. मुलीच्या बापाचं जे काही वाकायचं असतं ते आज इथं वाकून झालं. आता लग्नात मी कोणाचे पाय धुणार नाही, कोणापुढं हात जोडून फिरणार नाही. आणि माझ्या अलकाला बापावरून कोणी काही ऐकवायचं नाही. हे कबूल नसंल तर आत्ताच सांगा, या सगळ्यांसमोर सांगा."

वैजयंती वहिनींनी पदर तोंडाला लावला होता. विश्वास मधलं अंतर विसरून अलकाच्या अगदी जवळ येऊन उभा राहिला होता, आणि अलका रडत होती, मोठ्यानं, लाज न बाळगता. माझंही काही वेगळं चाललं नव्हतं. मी पंच असल्यामुळे घड्याळाकडे बघत रडत होतो.

सुपनेकरांनी मारलेला उंट उचलून पेटीत ठेवला. लग्न मोडलं असंच मी धरून चाललो. मग त्यांनी मधुकरच्या राजाकडे पाहिलं, स्वतःच्या वजिराकडे पाहिलं, आणि खिशातून रुमाल काढून कपाळ पुसलं. थंडी होती, घाम येण्याचं काही कारण नव्हतं.

"मग येत्या रविवारी बैठकीत आमच्या वहिनींनी बोलायचं तरी काय, व्याही?" त्यांनी विचारलं.

"तारीख," मधुकर म्हणाला.